पावसाळ्यात पाठवलेल्या जुन्या कपड्यांना ‘कुबट वास येतो’ ही तक्रार: कारणे आणि उपाय

तक्रार बहुधा एकाच साच्यातली असते. कपडा धुतलेला, इस्त्री केलेला, फोटोत उत्तम. गोव्यातल्या म्हापशाहून किंवा फोंड्याहून पार्सल निघते, चार-पाच दिवसांनी पुण्यात नाहीतर बंगळुरूत उघडले जाते आणि तासाभरात निरोप येतो: ‘कुबट वास येतोय, पैसे परत द्या.’ विकणारा चक्रावतो, कारण पिशवी बंद करताना त्याला कसलाच वास आलेला नसतो. मार्च-एप्रिलमध्ये हीच माणसे याच पद्धतीने माल पाठवतात आणि तेव्हा कुरबुर होत नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस लागला की तक्रारी सुरू होतात आणि दिवाळीच्या सुमारास आपोआप थांबतात.

अशा वेळी बहुतेक जण धुण्यावर जोर देतात. साबण वाढवतात, सॉफ्टनर जास्त ओततात, वरून अत्तर फवारतात. त्याने तक्रारी कमी होत नाहीत, उलट वाढतात. मूळ दोष वाळवण्यात आहे, आणि अर्धवट वाळलेला कपडा प्लास्टिकमध्ये कोंडण्यात.

हाताला कोरडा लागतो, तरी ओला असतो

कापडाचे धागे हवेतली वाफ शोषून घेतात. किती शोषतात हे धाग्यावर आणि हवेवर अवलंबून असते. हवेत ६५ टक्के आर्द्रता असताना सुती कापड आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के पाणी धरून ठेवते, रेशीम ११ टक्के, व्हिस्कोस म्हणजे रेयॉन १३ टक्के, लोकर १६ टक्क्यांच्या आसपास. पॉलिस्टर जेमतेम ०.४ टक्के. गोव्यात जुलैत आर्द्रता ८५-९० टक्क्यांवर असते. तेव्हा हे आकडे दीडपटीपर्यंत चढतात. अर्धा किलोच्या जीन्समध्ये एरवी ४० ग्रॅम पाणी असेल, तर जुलैत दोरीवर चार दिवस टांगूनही त्यात ६० ग्रॅमच्या वर असते. हाताला मात्र ती जीन्स वाळलेलीच लागते.

आर्द्रता ७० टक्क्यांच्या खाली असली तर बुरशीला वाढता येत नाही. ८० च्या वर गेली की काही दिवसांत ती धागा पकडते. मोकळ्या दोरीवर वारा असतो, म्हणून वास साचत नाही. तोच कपडा पिशवीत बंद केला की त्यातले पाणी पिशवीतली हवा भिजवते आणि आत चार-पाच दिवस दमट, उबदार, वारा नसलेली जागा तयार होते. त्यात घाटाची भर पडते. चोर्ला घाटाने गाडी बेळगावकडे चढते तेव्हा हवा थंड होत जाते. किनाऱ्यावर २९ अंशांत ८५ टक्के आर्द्रतेची हवा पिशवीत कोंडली असेल, तर ती २६ अंशांच्या आसपासच दवाला येते. बेळगावात जुलैच्या रात्री पारा त्याच्या बराच खाली असतो. मग प्लास्टिकच्या आतल्या बाजूला घाम सुटतो आणि तो कपड्याच्या घडीवर उतरतो.

पाठवताना वास का येत नाही, याचे कारण वेगळे आहे. जांभ्या दगडाच्या, ओल धरणाऱ्या घरात आपण चार महिने राहतो आणि नाक त्या वासाला सरावते. बंगळुरूच्या कोरड्या खोलीत पिशवी उघडणाऱ्याला तोच वास पहिल्या श्वासात जाणवतो. त्यामुळे पावसाळ्यात आपल्या नाकावर विसंबून माल पास करू नये. त्याऐवजी काय करायचे ते पुढे दिले आहे.

आधी वास कोणता ते ठरवा

सगळ्या वासांवर एकच उपाय नाही. कपडा नाकाजवळ धरून काख, कमरपट्टी, कॉलर आणि खिशाचे अस्तर वेगवेगळे हुंगा. शक्य असेल तर हे काम त्या घरात न राहणाऱ्या माणसाला सांगा.

मातीसारखा, बंद खोलीसारखा वास म्हणजे बुरशी. सगळ्या कपड्याला सारखा येत असेल तर तो कपाटातून आलेला असतो. एका जागी जास्त येत असेल तर तिथे ठिपके शोधा, उजेडाकडे तिरपे धरून.

आंबूस, ओल्या पोतेऱ्यासारखा वास म्हणजे हळू वाळलेल्या कपड्यातले जिवाणू. यांपैकी मोराक्सेला ऑस्लोएन्सिस हा चांगला अभ्यासलेला जिवाणू आहे. कपडा वाळला तरी तो मरत नाही. म्हणूनच वाळल्यावर वास जातो आणि कपडा पुन्हा दमट झाला की परत येतो. ‘घातल्यावर अर्ध्या तासात वास आला’ असे गिऱ्हाईक म्हणते तेव्हा जवळजवळ नेहमी हाच प्रकार असतो.

घामाचा वास पॉलिस्टरमध्ये चिवट बसतो. पॉलिस्टर पाणी धरत नाही, पण अंगाचे तेल घट्ट धरून ठेवते. जिमचे टी-शर्ट, फुटबॉलच्या जर्सी, स्वस्त ब्लाउजची अस्तरे यांत तो सापडतो.

चौथा वास डांबरगोळ्यांचा. तो विकणाऱ्यानेच घातलेला असतो. डांबरगोळ्या कपड्यात ठेवूच नयेत. त्यांची वाफ धाग्यात मुरते, आठवडे जात नाही आणि गिऱ्हाईक तिलाच ‘जुना वास’ म्हणते. लहान मुलांच्या कपड्यांच्या बाबतीत तर ही गोष्ट गंभीर आहे. डांबरगोळ्यांत नॅफ्थलीन असते आणि जी-सिक्स-पीडी या विकराची (एन्झाइमची) जन्मजात कमतरता असलेल्या तान्ह्या बाळाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्याने फुटू शकतात. डांबरगोळ्यांत राहिलेली बाळाची झबली, दुपटी, स्वेटर विकू नका आणि फुकटही देऊ नका.

वासाप्रमाणे धुणे

बुरशीचा कपडा घरात झटकू नये. अंगणात किंवा गच्चीवर नेऊन, नाकाला फडके बांधून कोरड्या ब्रशने झाडावा. मग चार लिटर पाण्यात एक वाटी, म्हणजे साधारण २०० मिलिलिटर, पांढरे व्हिनेगर घालून अर्धा तास भिजवावा आणि नेहमीच्या साबणाने धुवावा. व्हिनेगर किराणा दुकानात मिळणारे पाण्यासारखे स्वच्छ असावे. घरात स्वयंपाकासाठी असते ते माडाचे व्हिनेगर वापरू नये. त्याला रंग असतो आणि फिकट कपड्यावर तो उतरतो.

आंबूस वासाला ऑक्सिजन ब्लीच लागते, म्हणजे सोडियम परकार्बोनेटची पूड. चार लिटर कोमट पाण्यात, ४० ते ५० अंश, एक मोठा चमचा पूड. दोन तास भिजवा. पाणी गार असेल तर पूड नीट काम करत नाही, आणि द्रावण पाच-सहा तासांत निकामी होते, म्हणून आदल्या दिवशी करून ठेवू नका. ते बाटलीत भरून झाकण लावणे धोक्याचे आहे, आत वायू साठतो. रेशीम, लोकर आणि चामड्याचे तुकडे लावलेल्या कपड्यांना ही पूड चालत नाही. पांढऱ्या आणि पक्क्या रंगाच्या सुती कपड्यांना उत्तम. रंग पक्का आहे का हे आतल्या शिवणीवर थेंब टाकून, दहा मिनिटांनी पांढऱ्या रुमालाने दाबून पाहा.

पॉलिस्टरच्या घामाला विकर असलेली धुण्याची पूड कोमट पाण्यात विरघळवून तासभर भिजवावी. काखेचा भाग उलटा करून हाताने चोळावा. सॉफ्टनर अजिबात नको. तो धाग्यावर मेणचट थर बसवतो, त्यात घामाचे तेल आणखी अडकते आणि कपडा वाळायलाही जास्त वेळ लागतो.

क्लोरीनचे ब्लीच फक्त शंभर टक्के सुती पांढऱ्या कपड्यावरच्या काळ्या ठिपक्यांसाठी वापरा. लिटरला १० मिलिलिटर, दहा मिनिटे, मग भरपूर पाण्याने खळबळून घ्या. रेशीम आणि लोकर त्यात अक्षरशः विरघळतात, आणि लायक्रा पिवळी पडून ढिली होते. ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एका बादलीत येऊ देऊ नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो.

एवढे करूनही प्रत्येक कपड्याला तोच वास येत असेल तर धुण्याचे यंत्र तपासा. पुढून उघडणाऱ्या यंत्राच्या दारावरचे रबर बोटाने उलटे करून पाहा. आत काळा चिकट थर असेल तर तुमचे सगळे धुणे त्याच पाण्यातून जाते. रबर पुसून घ्या, पावडरचा कप्पा बाहेर काढून घासा आणि यंत्र रिकामे, सर्वांत गरम पाण्यावर एकदा चालवा. पावसाळ्यात हे महिन्यातून दोनदा करावे आणि एरवी दार उघडे ठेवावे.

डागांबद्दल थोडे, कारण इथल्या मालात दोन-तीन डाग खास असतात. किनारपट्टीवरून येणाऱ्या पांढऱ्या शर्टांच्या कॉलरवर, लिननच्या कपड्यांवर नारिंगी-तांबूस पट्टे दिसतात आणि लोक ते गंजाचे समजतात. बऱ्याचदा ते सनस्क्रीनचे असतात. त्यातले ॲव्होबेन्झोन पाण्यातल्या लोहाशी जुळून रंग धरते, आणि विहिरीच्या पाण्यात लोह असेल तर धुताना डाग आणखी गडद होतो. क्लोरीनचे ब्लीच घातले की तो पक्काच बसतो. लिटरभर कोमट पाण्यात मोठा चमचा सायट्रिक आम्ल घालून अर्धा तास भिजवावे, नाहीतर लिंबू आणि मीठ लावून उन्हात ठेवावे. हळदीचा डाग साबणाने लाल होतो म्हणून घाबरू नये. नुसत्या पाण्याने धुऊन थेट उन्हात दोन-तीन दुपारी ठेवला की हळद उडते. काजूच्या बोंडाच्या रसाचा जुना डाग मात्र निघत नाही. त्यावर वेळ घालवू नका. डागाचा फोटो टाका आणि किंमत उतरवा.

वाळवणे: खरे काम इथे आहे

धुतल्यावर यंत्रात दोनदा पिळून घ्या. दुसऱ्या फेरीत निघणारे पाणी थोडे वाटते, पण जाड कपड्याचे वाळण्याचे काही तास त्याने वाचतात. हँगरवर टांगताना दोन कपड्यांत चार बोटे अंतर ठेवा. जीन्स आतून बाहेर करून, खिसे बाहेर काढून, चेन उघडी ठेवून टांगा. पंखा छताचा पुरत नाही. टेबलफॅन जमिनीवर ठेवून कपड्यांच्या खालच्या कडेवर सोडा, कारण पाणी तिथेच उतरून साठते.

बाल्कांवात, म्हणजे घराच्या पुढच्या ओसरीत, किंवा मागच्या पडवीत टांगलेला कपडा पावसाळ्यात बाहेरच्या हवेपेक्षा जास्त कोरडा होऊच शकत नाही. शेवटचा टप्पा बंद खोलीतच करावा लागतो. एसी असेल तर तो ड्राय मोडवर लावून, दारे-खिडक्या बंद करून कपडे तीन-चार तास आत टांगा. महिन्याला तीस-चाळीस नग जात असतील तर १० ते १२ लिटरचा डिह्युमिडिफायर घ्या. त्याची टाकी सकाळ-संध्याकाळ ओतताना हवेत किती पाणी होते ते डोळ्यांनी दिसते. उघडीप असेल त्या दिवशी ऊन जरूर द्या, पण रंगीत कपडा उलटा करून आणि दुपारी तीनच्या आत घरात घ्या. संध्याकाळी दव धरते आणि दिवसभराचे ऊन वाया जाते.

खोलीत आर्द्रता मोजणारे छोटे डिजिटल यंत्र हवेच. काही शे रुपयांत मिळते. ते बरोबर दाखवते का हे घरीच तपासता येते. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते जेमतेम ओले करा, चिखलासारखे. ते झाकण आणि यंत्र एका घट्ट डब्यात आठ तास बंद ठेवा. आकडा ७५ यायला हवा. ७९ दाखवत असेल तर यापुढे त्यातून चार वजा करायचे. खोली ५०-५५ टक्क्यांवर असताना वाळवलेला कपडाच पिशवीत जावा. ६० पर्यंत चालेल. त्याच्या वर पॅकिंग करू नका, दुसरा दिवस घ्या.

कपडा वाळला हे कळायला स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरा. त्या कोरड्या खोलीत कपडा टांगा, वजन करा, दोन तासांनी पुन्हा करा. ५०० ग्रॅमच्या जीन्सचे वजन ५ ग्रॅमहून जास्त उतरले असेल तर ती अजून पाणी सोडते आहे. दोन वजनांत एक टक्क्याच्या आत फरक आला की झाले. हलक्या कुर्तीला हा प्रकार लागत नाही. जीन्स, ब्लेझर, स्वेटशर्ट, जाड दुपट्टे आणि अस्तर असलेल्या सगळ्यांना लावावा. कमरपट्टी, खांद्याचे पॅड, कॉलरचे कॅनव्हास आणि घड्या घातलेली किनार हे भाग शेवटी वाळतात, म्हणून हात तिथे लावून बघा, मधल्या कापडावर नको.

इस्त्री वाफेची नको, कोरडी. आणि इस्त्री केलेला कपडा गरम असताना पिशवीत घालणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. इस्त्रीने आतले पाणी वाफ होऊन वर येते, पिशवीत कोंडते, गार झाल्यावर घडीवर उतरते. इस्त्रीनंतर निदान चार तास कोरड्या खोलीत हँगरवर ठेवा.

सिलिका जेलची पुडी काय करू शकते आणि काय नाही

पिशवीत दोन पुड्या टाकल्या की झाले, असा समज पक्का रुजलेला आहे, म्हणून हिशेब मांडू. मध्यम दमट हवेत सिलिका जेल आपल्या वजनाच्या साधारण पावपट पाणी धरते. दोन ग्रॅमची पुडी म्हणजे अर्धा ग्रॅम पाणी. नीट न वाळलेल्या जीन्समध्ये २०-२५ ग्रॅम जादा पाणी आहे. ते ओढायला ८०-१०० ग्रॅम जेल लागेल, म्हणजे चाळीस-पन्नास पुड्या. पुडीने ओला कपडा वाळत नाही. कोरड्या कपड्याबरोबर पिशवीत शिरलेली हवा आणि वाटेत शिरणारी दमट हवा एवढेच ती सांभाळते, आणि तेवढ्यासाठी एका कपड्याला दोन-तीन ग्रॅम पुरते.

पुड्यांचे पाकीट उघडे राहिले की एका रात्रीत त्या भरून जातात. पाकीट फोडले की उरलेल्या घट्ट झाकणाच्या बरणीत भरा. सुटे जेल १२० अंशांवर दोन तास ओव्हनमध्ये तापवून पुन्हा वापरता येते. पुडीसकट तापवू नका, कागद-प्लास्टिक जळते. निळ्या मण्यांचे जेल टाळा. त्यात कोबाल्ट क्लोराइड असते आणि ते विषारी आहे. नारिंगी मणी घ्यावेत.

कपाटात टांगायच्या, खाली पाणी साठणाऱ्या डब्या वेगळ्या. त्यांत कॅल्शियम क्लोराइड असते. कपाटासाठी त्या चांगल्या, पण साठलेले पाणी चामड्यावर सांडले तर चामडे आखडते. पार्सलमध्ये त्या कधीच घालू नयेत.

पॅक करण्याआधीची एक चाचणी

घडी घातलेला कपडा स्वच्छ झिपलॉक पिशवीत घाला, हवा दाबून काढू नका, तोंड बंद करा आणि फ्रीजच्या डोक्यावर, जिथे कोमट असते, रात्रभर ठेवा. सकाळी बाहेरून फेरी मारून आल्या आल्या पिशवी नाकापाशी उघडा. शेजारीण, पेपरवाला, कोणीही त्या घरात न झोपलेला माणूस असेल तर अधिक बरे. आतून प्लास्टिकवर धुके दिसले किंवा वासाची जराशी शंका आली तर तो नग परत वाळवणाच्या खोलीत. पिशवीत सारे ठीक असेल तर तोच कपडा गिऱ्हाइकाकडेही ठीक पोहोचतो. ही चाचणी पावसाळ्यात एकाही कपड्याला चुकवू नये. बाकी सगळे करून ही टाळली तर तक्रार येत राहील.

पॅकिंग दुहेरी असावे. आत झिपलॉक, बाहेर ६० मायक्रॉनची कुरिअरची पिशवी, तिच्या चिकटपट्टीवर आडवी सेलोटेप. कुरिअरचा माणूस दुचाकीवर पावसात फिरतो. बाहेरच्या पिशवीच्या कडेतून पाणी शिरते, आतले झिपलॉक ते अडवते. पुठ्ठ्याचा खोका वापरत असाल तर तोही कोरड्या खोलीत ठेवलेला हवा. पावसाळ्यात पुठ्ठा स्वतःच दमट असतो आणि कुबट वासाचे कारण कितीतरी वेळा तोच निघतो. वर्तमानपत्रात कपडा गुंडाळू नये, शाई लागते.

साठवणीची जागाही तितकीच बघावी लागते. रॅक भिंतीपासून वीतभर आणि जमिनीपासून फूटभर दूर. जांभ्याच्या भिंती पायापासून पाणी वर खेचतात, त्यांना टेकलेली घडी पंधरा दिवसांत डागते. नवा आलेला माल थेट साठ्यात मिसळू नका. धुऊन, वाळवून, चाचणीतून गेल्यावरच आत घ्या. एका बुरशीच्या जॅकेटने पूर्ण कपाट जाते. सर्वांत सोपे म्हणजे पावसाळ्यात विकायचा माल एप्रिल-मेमध्येच धुऊन, कडक उन्हात वाळवून, पिशवीबंद करून ठेवणे. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधी साड्या आणि कुर्त्यांना मागणी वाढते तेव्हा हा तयार साठा हाताशी असतो.

पर्स, पट्टे, चपला, दागिने

इथे वासापेक्षा चिकटपणा आणि सालपटे यांच्या तक्रारी जास्त. नकली चामड्याचा वरचा थर पॉलियुरेथेनचा असतो आणि दमट हवेत पाणी त्याच्या रचनेतच शिरून तो तोडते. आधी चिकट होतो, मग सोलवटतो. पर्स वापरली नाही तरी कपाटात पडून हे होते, आणि सुरू झाले की थांबवता येत नाही. पट्ट्याचा वाक आणि पर्सची दुमड अंगठ्याने जोरात दाबून वाकवा. बारीक चिरा दिसल्या, बोटाला चिकटले किंवा आतल्या अस्तराची पूड हाताला लागली तर तो नग विकू नका. आज फोटोत चांगला दिसतो, गिऱ्हाइकाच्या हाती महिन्यात सोलतो. जुन्या बुटांचे पॉलियुरेथेनचे तळवेही असेच भुगा होतात. विकण्याआधी ते घालून दहा मिनिटे चाला.

खऱ्या चामड्यावरची पांढरी बुरशी मेडिकलमधले स्पिरिट आणि पाणी समप्रमाणात घेऊन, पिळलेल्या फडक्याने पुसा. आधी तळाशी लहान जागेवर करून पाहा, काही रंग उतरतात. सावलीत पंख्याखाली वाळवा, मग चामड्याचे क्रीम लावा. प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, सुती पिशवीत ठेवा.

पितळी आणि नकली दागिने किनाऱ्याजवळच्या खारट हवेत हिरवे पडतात. घालून आणलेला दागिना आधी पुसून, कोरडा करून प्रत्येकी वेगळ्या झिपलॉकमध्ये, पुडीसह ठेवावा. काळ्या ऑक्सिडाइज्ड दागिन्यांना चांदी उजळायच्या द्रावणात बुडवू नका, काळा रंग जातो आणि फोटोशी वस्तू जुळत नाही.

‘वास येतो’ म्हणतात, पण कारण दुसरेच असते

कपडा बसला नाही तर परत घेणार नाही असे विक्रेता लिहून ठेवतो. मग न बसलेल्या कपड्याला वास येऊ लागतो. सरसकट सगळ्यांवर संशय घेऊ नये, पण तुमची पिशवीची चाचणी पक्की असेल आणि तरी एका विशिष्ट प्रकारच्या कपड्यांवरच तक्रारी येत असतील, तर मापे तपासा.

लेबलवरचा आकडा लिहून भागत नाही. गोव्यातल्या मालात युरोपातून, आखातातून, इंग्लंडमधून आलेले कपडे मिसळलेले असतात. इंग्लंडचा १० म्हणजे युरोपचा ३८ आणि अमेरिकेचा ६. कपडा टेबलावर सपाट पसरा, सुरकुत्या हाताने काढा, ताणू नका. काखेखाली एक इंच सोडून एका शिवणीपासून दुसरीपर्यंत छाती मोजा आणि दुप्पट करा. लांबी खांद्याच्या सर्वांत उंच जागेपासून. पँटला कंबर, मांडी, आतल्या शिवणीची लांबी आणि पुढची उंची, म्हणजे बटणापासून जांघेच्या जोडापर्यंत. हे शेवटचे माप बहुतेक जण देत नाहीत आणि जीन्स परत येण्याचे मोठे कारण तेच असते. ताणणाऱ्या कापडाचे न ताणता आणि ताणून अशी दोन मापे द्या. मापे धुऊन वाळवल्यानंतर घ्या, आधी नाही.

रंगाची तक्रार असेल तर जमीन बघा. जुन्या घरांत लाल कोब्यावर कपडा ठेवून फोटो काढला की जमिनीचा लाल रंग पांढऱ्या आणि फिकट कपड्यावर चढतो. पांढरी चादर अंथरा, खिडकीजवळ, दिवे बंद करून, सकाळी दहा ते दुपारी चारच्या मध्ये फोटो घ्या. शेजारी कोरा पांढरा कागद ठेवा. तो फोटोत पांढरा दिसला तर रंग बरोबर.

तक्रार आलीच तर

पहिल्या उत्तरात वाद नको. कपडा पिशवीतून काढून हँगरवर, सावलीत, पंख्याखाली एक दिवस ठेवायला सांगा आणि पिशवीच्या आतल्या बाजूचा फोटो मागा. दिवसभराने वास गेला तर तो कोंडलेल्या हवेचा होता, बहुतेक गिऱ्हाइके तिथेच थांबतात. नाही गेला तर पैसे परत करा आणि कपडा मागवा. आतल्या प्लास्टिकवर पाण्याचे थेंब दिसत असतील तर चूक वाळवणाची आहे, त्या आठवड्यात त्याच खोलीतून गेलेले बाकीचे नगही तपासायला हवेत. अजून निघाले नसतील ते थांबवा.

परत आलेला नग घरात उघडू नका. बाहेर पिशवी फोडा, ती पिशवी आणि पुडी टाकून द्या, कपडा पहिल्यापासून धुवा. दोनदा धुऊन, वाळवून, पिशवीत ठेवूनही वास आला तर तो पुन्हा विक्रीला लावू नये. जाड अस्तराचे कोट आणि फोम घातलेल्या वस्तू यांत वास आतपर्यंत मुरतो आणि घरगुती धुण्याने निघत नाही.

विक्रीच्या वर्णनात वासाबद्दल एक सरळ वाक्य असावे: ‘परकार्बोनेटने धुतलेले, कोरड्या खोलीत वाळवलेले, सॉफ्टनर किंवा अत्तर वापरलेले नाही, उजव्या बाहीवर आतून अर्धा सेंटीमीटर फिकट डाग, फोटो क्रमांक ५.’ अॅलर्जी असलेले लोक आणि लहान मुलांचे आईवडील असे वर्णन शोधतातच. खऱ्या चामड्याच्या वस्तू आणि लोकरीचे कोट जून ते सप्टेंबर पाठवायला काढू नयेत. फोटो आणि मापे करून ठेवा, ऑक्टोबरअखेर हवा कोरडी झाली की विक्रीला लावा. लोकरीच्या कपड्यांना उत्तरेकडून मागणीही तेव्हाच सुरू होते.